चालू नोकरीत एचआरने ‘राइट टू वर्क’चा पुरावा मागितला तर: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये नोकरीवर रुजू होण्याआधी प्रत्येकाला ‘राइट टू वर्क’, म्हणजे इथे काम करण्याचा हक्क, दाखवावा लागतो. ती तपासणी बहुतेकांना ठाऊक असते. धास्ती बसते ती पुढे, काम सुरळीत चालू असताना एचआरचा मेल येतो तेव्हा: शुक्रवारपर्यंत पुरावा सादर करा, अन्यथा पुढील कारवाई होईल. त्या ‘अन्यथा’ने काही जण इतके हादरतात की राजीनामा देऊन मोकळे होतात. काहींना तो अपमान वाटतो आणि ते मेलला उत्तरच देत नाहीत. दोन्हीत नुकसान आपलंच होतं. पुरावा लवकर द्यावा, योग्य मार्गाने द्यावा, आणि तो का मागितला हे लेखी विचारून ठेवावं. एवढं केलं तर बहुतेक प्रकरणं दोन दिवसांत मिटतात.

आधी कायदा कुणाच्या मानेवर आहे ते पाहा

तपासणीचा पाया आहे २००६ चा इमिग्रेशन, असायलम अँड नॅशनॅलिटी कायदा. त्याच्या तरतुदी २९ फेब्रुवारी २००८ पासून लागू आहेत. परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर मालकाला दंड होतो, आणि ठरलेल्या पद्धतीने तपासणी करून नोंद ठेवली असेल तर तो दंड टळतो. म्हणजे तपासणी ही मालकाची ढाल आहे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून दंड पहिल्या वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत गेला. त्याआधी हेच आकडे १५,००० आणि २०,००० होते. जाणूनबुजून ठेवलं, किंवा शंकेला सबळ कारण असूनही ठेवलं, तर ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. एचआरवाले इतके घायकुतीला का येतात, हे या आकड्यांवरून कळतं.

तुमचा काम करण्याचा हक्क मात्र तुमच्या व्हिसातून किंवा नागरिकत्वातून येतो. तो एचआरच्या फाइलमधल्या कागदातून येत नाही. कागद हरवला किंवा सिस्टिम बंद पडली म्हणून हक्क संपत नाही. २०१७ मध्ये लंडनच्या एका बसचालकाचं प्रकरण एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलपुढे, म्हणजे नोकरीच्या वादांतली अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, आलं. तो लहानपणापासून ब्रिटनमध्ये राहत होता, कायमच्या वास्तव्याचा हक्क त्याच्याकडे होता, पण मालकाला हवा तो कागद नव्हता म्हणून त्याला काढलं. ट्रिब्युनलने म्हटलं की अशा माणसाने ठरावीक कागद बाळगलाच पाहिजे असं हा कायदा सांगत नाही, त्यामुळे ‘कायद्यानेच आम्हाला काढायला लावलं’ हे कारण टिकत नाही. पण दुसरं एखादं सबळ आणि प्रामाणिक कारण मालकाला मांडता येईल का, हा प्रश्न ट्रिब्युनलने खुला ठेवला. म्हणून ‘कायद्याने मी काही दाखवायला बांधील नाही’ म्हणत अडून बसणं धोक्याचं आहे.

पहिली पायरी: हे आताच का विचारलं, ते शोधा

कारण कळलं की निम्मं उत्तर हाती येतं. नेहमीची कारणं थोडीच आहेत.

तुमच्या व्हिसाची मुदत संपत आली असेल, तर मालकाला मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करावीच लागते. हे अगदी नियमाप्रमाणे आहे.

कंपनी किंवा कंत्राट दुसऱ्याकडे गेलं असेल, तर तुमची नोकरी ‘ट्युपे’ नियमांखाली नव्या मालकाकडे जाते, आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत तपासणी पूर्ण करायची मुभा त्याला असते. सफाई, केटरिंग, सिक्युरिटी, केअर होम अशा कामांत कंत्राटं सारखी बदलतात, त्यामुळे तिथल्या लोकांना हा अनुभव वारंवार येतो.

कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कर्मचाऱ्यांचा व्हिसा प्रायोजित करण्याचा परवाना, असेल, तर होम ऑफिसचे (ब्रिटनच्या गृहखात्याचे) अधिकारी फाइली बघायला येण्याच्या शक्यतेने एचआर सगळ्या नोंदी घासूनपुसून घेतं. जुनी फाइल सापडत नाही, हेही कारण असतं. ते कुणी कबूल करत नाही, पण ते सर्रास घडतं.

पण काही वेळा मागणीला नियमाचा आधारच नसतो. पहिल्या वेळी तुम्ही ब्रिटिश पासपोर्ट किंवा इंडेफिनिट लीव्ह (आयएलआर), म्हणजे कायम राहण्याची परवानगी, दाखवून रीतसर तपासणी झाली असेल, तर पुन्हा तपासणीची गरज नाही. ६ एप्रिल २०२२ पासून बीआरपी कार्ड (व्हिसाधारकांना मिळणारं ओळखपत्र) हातात घेऊन तपासणं बंद झालं, पण त्याआधी ज्यांची कार्डावर रीतसर तपासणी झाली त्यांना केवळ त्या बदलासाठी पुन्हा तपासायला होम ऑफिस सांगत नाही. कोविडच्या काळात, ३० मार्च २०२० ते ३० सप्टेंबर २०२२, व्हिडिओ कॉलवर आणि स्कॅन कॉपीवर तपासणीची सवलत होती. त्या काळातल्या तपासण्याही, नीट केल्या असतील तर, ग्राह्य आहेत. तुम्ही या गटात असाल तर तसं नम्रपणे कळवा, आणि तरीही पुरावा देऊन टाका. तत्त्वासाठी भांडायला तुमची हरकत नसेल तर गोष्ट वेगळी, पण महिन्याचं भाडं पगारावर अवलंबून असणाऱ्याला मी आधी पुरावा आणि मग वाद असाच क्रम सांगेन.

दुसरी पायरी: शेअर कोड काढा

आता बहुतेक व्हिसाधारकांचा पुरावा ऑनलाइन आहे. त्याला ईव्हिसा म्हणतात. बहुसंख्य बीआरपी कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ ही शेवटची तारीख छापलेली होती, आणि ती उलटली म्हणजे व्हिसा संपला असं समजून अनेकांची झोप उडाली. कार्डावरची तारीख आणि व्हिसाची तारीख वेगळी असू शकते. खरी तारीख ईव्हिसावर दिसते.

गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर मालकाला कामाचा हक्क दाखवण्याची सेवा आहे. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख टाकली की फोनवर किंवा ईमेलवर एक कोड येतो. तो टाकून आत गेल्यावर कशासाठी पुरावा हवा हे विचारतात. तिथे ‘काम’ निवडा, म्हणजे मालकाला द्यायचा शेअर कोड मिळतो. कामासाठीचा शेअर कोड ९ अक्षरांचा असतो, त्याची सुरुवात ‘डब्ल्यू’ने होते आणि तो ९० दिवस चालतो. घर भाड्याने घेण्यासाठी काढलेला कोड इथे चालत नाही. संपला तर पुन्हा काढा, कितीही वेळा. ही सेवा पूर्ण मोफत आहे. शेअर कोड काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या साइटवर पासपोर्टचा तपशील मुळीच टाकू नका.

एचआरला द्यायच्या गोष्टी दोनच: शेअर कोड आणि जन्मतारीख. त्यांनी ते स्वतःच्या बाजूच्या सरकारी पानावर टाकून तुमचा फोटो, परवानगी असलेलं काम आणि मुदत पाहायची असते, फोटो तुमच्याशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर ताडायचा असतो आणि त्या पानाची प्रत ठेवायची असते. तुम्ही स्वतःच्या खात्याचा स्क्रीनशॉट पाठवला तर त्यातून मालकाला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, म्हणून तो परत येतो आणि नाहक दिवस वाया जातात. कोड देण्याआधी, तो मालकाला काय दाखवतो ते स्वतः वाचून घ्या. ‘काम करायला परवानगी’ आणि तिच्या अटी याच ओळी निर्णायक असतात.

नॅशनल इन्शुरन्स नंबर किंवा ड्रायव्हिंग लायसन्स हे कामाच्या हक्काचे पुरावे नाहीत. ‘पगारातून टॅक्स कापला जातोय की’ हे उत्तर एचआरला उपयोगाचं नाही.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट लागते: तुमच्या कोर्सच्या टर्म आणि सुट्ट्यांच्या तारखा. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला टर्म चालू असताना सहसा आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि ती पाळली जाते हे दाखवायला मालकाला त्या तारखा फाइलमध्ये ठेवाव्या लागतात. कॉलेजकडून तसं पत्र किंवा वेळापत्रक मागून ठेवा.

खातं उघडत नाही किंवा माहिती चुकीची आहे तेव्हा

आपल्याकडच्या लोकांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हिसाचा अर्ज पुण्या-मुंबईतल्या एजंटने भरलेला असतो आणि खात्याला त्याचाच ईमेल जोडलेला असतो. आत शिरण्यासाठीचा कोड मग त्याच्याकडे जातो, आणि तो दोन वर्षांनी फोन उचलत नाही. भारतातला जुना सिम कार्ड नंबर जोडलेला असतो, तो बंद पडलेला असतो. यावर उपाय आहे: सरकारी संकेतस्थळावर खातं परत मिळवण्याची सोय आहे. पण त्याला वेळ लागतो. एचआरचा मेल यायची वाट न पाहता आज संध्याकाळीच एकदा आत जाऊन बघा आणि स्वतःचा ईमेल, इथला फोन नंबर टाका.

दुसरी अडचण पासपोर्टची. भारतीय पासपोर्ट नवा केला की नंबर बदलतो. ईव्हिसाच्या खात्यात तो आपोआप बदलत नाही, तुम्हाला कळवावा लागतो. न कळवल्यास विमानतळावरही खोळंबा होऊ शकतो.

तिसरी नावाची. आपण स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात चिकटून येतं. ऑफिसमध्ये पेरोलवर ते गळतं. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि पगाराच्या पावतीवर माहेरचं, अशीही गंमत नसलेली गुंतागुंत होते. पुराव्यांमधली नावं जुळत नसतील तर मालकाने त्याचं कारण विचारून विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचा डीड पोल यासारखा कागद पाहायचा असतो आणि त्याची प्रत ठेवायची असते. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत शेअर कोडबरोबरच पाठवलीत तर पुढचे चार मेल वाचतात.

ईव्हिसावर फोटो, जन्मतारीख किंवा अटच चुकीची दिसत असेल, तर चूक कळवण्याचा ऑनलाइन फॉर्म आहे. तो भरा, पोच जपून ठेवा, आणि ‘चूक दुरुस्तीला दिली आहे’ हे एचआरला त्याच दिवशी कळवा.

व्हिसाचा अर्ज होम ऑफिसकडे पडून आहे तेव्हा

नोकऱ्या खऱ्या अर्थाने इथे जातात. आणि बहुतेक वेळा जायची गरज नसते.

१९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात कलम ३सी आहे. जुना व्हिसा संपण्याआधी, ब्रिटनमध्ये असताना, तुम्ही मुदतवाढीचा किंवा नव्या व्हिसाचा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुनी परवानगी जुन्याच अटींसह चालू राहते. काम करायची मुभा होती तर ती राहते. पण शेअर कोडच्या पानावर अनेकदा जुनीच, संपलेली तारीख दिसते आणि एचआर म्हणतं, तुमचा व्हिसा संपला.

अशा वेळी मालकाने वापरायची जागा म्हणजे होम ऑफिसची एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस. तुमचा तपशील भरून त्यांनी विचारणा करायची. काम करण्याचा हक्क असेल तर ‘पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटीस’ मिळते आणि मालकाला त्या तारखेपासून ६ महिने संरक्षण मिळतं. ही विचारणा तुम्ही करू शकत नाही, मालकानेच करायची असते. ही विचारणा करायला वेळ मिळावा म्हणून, आधीच्या तपासणीतून मिळालेलं मालकाचं संरक्षण जुन्या मुदतीनंतर कमाल २८ दिवस चालू राहतं, मात्र अर्ज वेळेत झाला आहे याची त्याला वाजवी खात्री असावी लागते. ही खात्री त्याला तुम्ही द्यायची. अर्ज भरल्याची पोच, फी भरल्याची पावती, अर्जाचा क्रमांक, तारीख आणि जुन्या व्हिसाची मुदत, हे सगळं एका पीडीएफमध्ये करून मुदत संपण्याच्या किमान आठवडाभर आधी पाठवा.

शेवटच्या दिवसावर ठेवू नका, असं का म्हणतो? पिझ्झाच्या दुकानातल्या एका कर्मचाऱ्याने अर्ज केल्याचा पुरावा मुदतीच्या शेवटच्या दिवशी मेलने पाठवला आणि जोडलेली फाइल मालकाला उघडलीच नाही. त्याला काढून टाकलं, अपीलही दिलं नाही. २०१८ मध्ये अपील ट्रिब्युनलने मालकाची ही रीत चुकीची ठरवली, कारण अपीलची संधी मिळाली असती तर पुरावा दाखवता आला असता. म्हणणं खरं ठरलं, पण तोवर २०१६ मध्ये गेलेल्या नोकरीला दोन वर्षं होत आली होती. फाइल पाठवल्यावर ‘उघडली का?’ असा एक फोन करा.

अर्ज प्रलंबित असताना भारतात जाऊ नका. यूके, आयर्लंड आणि आसपासच्या बेटांच्या बाहेर गेलात तर सहसा अर्ज मागे घेतला असं धरलं जातं आणि ३सीचं छत्र जातं. घरी कार्य असलं तरी आधी सल्ला घ्या.

जुने रहिवासी आणि नागरिक

हा भाग तुमच्यासाठी नसेल, पण तुम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहता त्या काका-काकूंसाठी असेल. जुन्या पासपोर्टात आयएलआरचा शिक्का असेल तर तो पासपोर्ट चालू मुदतीतला असेल तरच हाताने तपासणीला चालतो. पासपोर्टची मुदत गेली असेल तर हक्क जात नाही, पण पुराव्यासाठी ‘नो टाइम लिमिट’चा अर्ज करून ईव्हिसा घ्यावा. ब्रिटिश नागरिकांना शेअर कोड मिळत नाही. त्यांचा ब्रिटिश पासपोर्ट मुदत संपलेला असला तरी चालतो. पासपोर्ट नसेल तर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि सोबत नॅशनल इन्शुरन्स नंबर असलेला सरकारी किंवा आधीच्या मालकाचा कागद चालतो.

१ जानेवारी १९७३ पूर्वी राष्ट्रकुल देशांतून येऊन इथे स्थायिक झालेल्यांसाठी विंडरश योजना आहे, तिच्यातून राहण्याच्या हक्काचा कागद मिळतो. लहानपणी कॅरिबियनमधून आलेल्या, आयुष्यभर टॅक्स भरलेल्या लोकांच्या नोकऱ्या निव्वळ कागद नाहीत म्हणून गेल्या, आणि २०१८ मध्ये तो अन्याय देशासमोर आला. नुकसानभरपाईची योजना २०१९ मध्ये सुरू झाली. भारतातून त्या काळी आलेलेही या योजनेत बसू शकतात, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

तिसरी पायरी: उत्तर लेखी द्या

मॅनेजरने जेवणाच्या सुट्टीत तोंडी विचारलं असेल तरी उत्तर मेलनेच द्या. साध्या इंग्रजीत, या अर्थाचं: आपल्या अमुक तारखेच्या विनंतीनुसार माझा शेअर कोड आणि जन्मतारीख देत आहे. ही तपासणी कोणत्या कारणासाठी आहे आणि सर्व कर्मचाऱ्यांची होत आहे का, हे कळवावं. तपासणी पूर्ण झाल्यावर मला लेखी कळवावं. आणखी काही हवं असल्यास वाजवी मुदत द्यावी.

एवढंच पुरतं. रागाचं वाक्य नको, माफीचंही नको. मेलची एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा, कारण वाद झाला तर ऑफिसचं खातं सगळ्यात आधी बंद होतं. मूळ पासपोर्ट कुणी ठेवून घ्यायला मागत असेल तर देऊ नका. हाताने तपासणी असेल तिथे मूळ प्रत पाहून, तुमच्यासमोर कॉपी काढून ती लगेच परत करायची असते.

फक्त ‘आपल्याच’ लोकांना विचारलं तर

‘सर्वांची होत आहे का’ हा प्रश्न मेलमध्ये मुद्दाम घातला आहे. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० नुसार वर्ण, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ यावरून वेगळी वागणूक देणं बेकायदा आहे. व्हिसाची मुदत संपत असलेल्यांनाच विचारलं तर त्यात गैर काही नाही. पण परदेशी वाटणारं नाव, उच्चार किंवा कातडीचा रंग बघून यादी केली असेल तर तो भेदभाव आहे, आणि तसं करू नये असं होम ऑफिसच्या मालकांसाठीच्या आचारसंहितेतही लिहिलेलं आहे. भेदभावाच्या दाव्यासाठी नोकरीला ठरावीक वर्षं झालेली असण्याची अट नाही. पहिल्या आठवड्यातला कर्मचारीही तो करू शकतो.

कुणाला विचारलं, कुणाला नाही, कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या टिपणाला तेवढं वजन राहत नाही.

निलंबन किंवा काढण्याची भाषा सुरू झाली तर

राजीनामा देऊ नका. ‘तुम्हीच सोडा, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं गोड बोलून सांगतात. राजीनाम्याने तुमचे बरेच दावे कमकुवत होतात, आणि स्पॉन्सर्ड व्हिसावर असाल तर नोकरी सुटल्याची खबर होम ऑफिसला जाऊन व्हिसाही धोक्यात येतो.

बिनपगारी निलंबित केलं तर लेखी आक्षेप घ्या. २०११ मध्ये एका महिलेचं प्रकरण अपील ट्रिब्युनलपुढे आलं होतं. युरोपीय नवऱ्यामुळे तिला काम करण्याचा हक्क होता, पण पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख उलटली म्हणून मालकाने पगार थांबवला. हक्क चालूच होता, तेव्हा पगार अडवणं ही बेकायदा कपात ठरली. मालकाला खरोखर शंका होती, हे कारण पुरलं नाही.

बैठकीला बोलावलं तर युनियनचा प्रतिनिधी किंवा सहकारी सोबत आणू द्या म्हणून मागणी करा. काढलंच, तर अपीलचा हक्क मागा आणि अपीलमध्ये ३सीचा, चेकिंग सर्व्हिसचा आणि २८ दिवसांचा मुद्दा मांडा. ट्रिब्युनलची मुदत ३ महिने उणे १ दिवस एवढीच धरून चाला, आणि दाव्याआधी एकासला (नोकरीच्या वादांत समेट घडवणाऱ्या संस्थेला) कळवून समेटाची पायरी पूर्ण करावी लागते. कंपनीचं अंतर्गत अपील चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

सल्ल्यासाठी एकास आणि सिटिझन्स ॲडव्हाइस मोफत आहेत. नोकरीच्या भांडणात युनियनचं सभासदत्व फार कामी येतं, पण ते भांडण सुरू होण्याआधी घेतलेलं असावं लागतं. व्हिसाचा सल्ला मात्र फक्त अधिकृत माणसाकडून घ्या: सॉलिसिटर, बॅरिस्टर किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागार. जानेवारी २०२५ पर्यंत ही संस्था ओआयएससी नावाने ओळखली जायची, त्यामुळे जुन्या पाट्यांवर तेच नाव दिसेल. तिची नोंदवही ऑनलाइन आहे. पैसे देण्याआधी त्यात सल्लागाराचं नाव शोधा. तो सॉलिसिटर असल्याचं सांगत असेल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या नोंदवहीत बघा.